रस्त्यावरचे नंबर, रंगीत दगड आणि पाट्या कशा वाचायच्या? (कळंब–देवळी–बुटीबोरी)

कळंबचा पिकअपवाला

नमस्कार मंडळी. मी कळंबकडचा, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या, चिंतामणीच्या कळंबचा. घरी वावर आहे, जोडीला पिकअप चालवतो. गावातल्या लोकांची वांगी, पालक, सांबार (कोथिंबीर) रात्री भरायचा आणि उजाडायच्या आत नागपूरला कळमन्याच्या बाजारात उतरवायचा, हे माझं काम. कळंब, देवळी, वर्धा, सेलू, बुटीबोरी, नागपूर. खड्डा कुठे आहे, रोही कुठून आडवा येते, सगळं पाठ आहे.

मागच्या महिन्यात देवळीच्या अलीकडे एक मोटारसायकल पडलेली दिसली. नवरा-बायको होते, बाईच्या पायाला जबर लागलं होतं. मी १०८ ला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "कोणता महामार्ग? जवळ किलोमीटरचा दगड दिसतो का? त्यावर काय आहे?" मी सांगितलं, देवळीच्या अलीकडे, नाल्याच्या पुलापाशी. आता त्या पट्ट्यात नाले काय एकच आहे का? गाडी आली, बाई वाचली, पाय आता बरा होऊन राहिला. पण ते प्रश्न डोक्यातून जात नाहीत.

तर जाणकारांना विचारतो. आमचे वडील या रस्त्याला आजही बोरी-तुळजापूर रोडच म्हणतात. पाटीवर मात्र ३६१ आहे. हा ३६१ आला कुठून? बुटीबोरीला हैदराबाद रोडला लागलो की पाटी ४४ ची, आणि तिथल्या एका ढाब्याच्या जुन्या बोर्डावर ७. मधूनच एएच ४३ असंही दिसते. दगडांची डोकी कुठे पिवळी, आमच्या फाट्यावरून आत वळलं की वेगळ्याच रंगाची. दोन मोठ्या दगडांच्या मधात बारके दगड राहतात, त्यांच्यावर नुसतं २, ४, ६, ८. हे सगळं कोणी एकदा नीट समजावून सांगेल का? आमच्या गावातले बारा-तेरा पोरं रात्री गाड्या चालवतात, त्यांनाही सांगीन.

लालपरीचा वाहक

मी एसटीत वाहक आहे, यवतमाळकडच्या फेऱ्या करतो. ७ आणि ४४ चं तेवढं सांगतो, बाकी मोठी माणसं सांगतील.

बुटीबोरीचा रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग ७ होता, वाराणसी ते कन्याकुमारी. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवीन नंबर दिले. तेव्हा जुन्या ७ चा आपल्याकडचा तुकडा नव्या ४४ मध्ये गेला. हा ४४ श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे ३७०० किलोमीटर. तसाच अमरावती-अकोल्याचा ६ नंबर आता ५३ झाला. लोकांच्या तोंडी मात्र ६ आणि ७ च आहे. लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता "हायवे नं. ६" असा छापलेला मी याच वर्षी पाहिला.

यात एक धोका आहे म्हणून मुद्दाम सांगतो. ६ आणि ७ हे नंबर रद्द झाले नाहीत, दुसऱ्या रस्त्यांना दिले गेले. आजचा ७ पंजाबातल्या फाजिल्कापासून चंडीगड, डेहराडून, ऋषिकेश करत बद्रीनाथकडे जातो. आजचा ६ शिलाँगवरून मिझोरामात जातो. नागपूर-पुण्याचा माणूस फोनवर असेल तर तो समजून घेईल. पण दूर कुठल्या केंद्रात बसलेल्याला "हायवे नंबर सात" सांगितलं तर तो कुठे शोधेल? म्हणून ४४ च सांगायचं.

आमच्या तिकिटात रस्त्याच्या नंबरला जागा नाही. आमचं सगळं टप्प्यावर चालते, सहा किलोमीटरचा एक टप्पा. त्यामुळे एसटीतल्या जुन्या माणसांनाही हे नंबर फार माहीत नसतात.

पांढरकवड्याचा पेंटर

पिकअपवाले भाऊ, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी पांढरकवड्याचा पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती केल्या, पण जीव लावून केलं ते रस्त्याच्या दगडांचं काम. केळापूर, झरी, मारेगाव, वणी या तालुक्यांतल्या राज्यमार्गांवरचे आणि जिल्हा मार्गांवरचे किती दगड माझ्या हातून रंगले, मोजदाद नाही. आता डोळ्यांनी होत नाही, पोरगा फ्लेक्स करतो.

रंगापासून सुरू करू. दगडाचं डोकं तेवढं रंगीत, खालचं अंग पांढरं. डोकं पिवळं असलं तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असलं तर राज्यमार्ग. काळं असलं, काही ठिकाणी निळं, तर जिल्हा मार्ग. नारिंगी असलं तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला गावाचा रस्ता. फाट्यावरून आत वळल्यावर तुम्हाला रंग बदललेला दिसतो तो याच्यासाठी. तिथून पुढे रस्त्याचा धनी बदलला. खड्ड्याची तक्रार कुठे न्यायची हे दगडाच्या डोक्यावरून निम्मं कळते.

डोक्यावर रस्त्याचा नंबर, पोटावर गावाचं नाव आणि अंतर. दर पाचव्या किलोमीटरचा दगड बाकीच्यांपेक्षा मोठा करतात, त्यावर जास्त नावं मावतात. रात्री गाडी चालवताना लहान दगड निसटला तरी मोठा दिसतोच, तो ध्यानात ठेवत जा.

आता २, ४, ६, ८. दोन किलोमीटर दगडांच्या मधात दर दोनशे मीटरवर एक बारका दगड. २ म्हणजे दोनशे मीटर, ४ म्हणजे चारशे, असं आठशेपर्यंत. पुढे पुढचा किलोमीटरच येते. समजा ११२ चा मोठा दगड मागे गेला आणि तुम्ही ६ च्या बारक्या दगडापाशी उभे आहात, तर तुम्ही ११२ किलोमीटर ६०० मीटरवर आहात. कागदावर हे ११२/६०० असं लिहितात. एवढं सांगितलं की अँब्युलन्सवाल्याला नाला, लिंबाचं झाड, पडकं घर काही लागत नाही.

मोजणी कोणत्या बाजूने वाढते, तेही दगडच सांगतो. किलोमीटर जिथून मोजायला सुरू झाले तिथून निघालं तर दगड आपल्या डाव्या हाताला राहतात. म्हणजे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर दगड तुमच्या डाव्या हाताला दिसला तर आकडा पुढे वाढत जाईल, उजव्या हाताला दिसला तर कमी होत येईल. मधात दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दोन्हीकडे दगड असतात, तिथे ही खूण चालत नाही.

आणि ज्या नाल्याच्या पुलापाशी तुम्ही उभे होते, त्या पुलालाही नंबर असतो! कठड्याच्या टोकाला पांढऱ्या चौकोनात काळ्या रंगाने लिहिलेलं पाहा, ११२/३ असं काहीतरी. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरातला तो कितवा पूल किंवा मोरी आहे त्याचा. लहानातल्या लहान मोरीलाही हा नंबर देतात. दगड गवतात गडप झाला असला तरी पुलाचा कठडा दिसतो. फक्त दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. ११२/३ पुलाचा नंबर, ११२/६०० म्हणजे जागा. फोनवर बोलताना "पुलाचा नंबर" असा शब्द आधी टाकायचा.

थोडं कामाचंही सांगतो, कारण आता ते कोणी करत नाही. आधी तारेच्या ब्रशने जुने पोपडे काढायचे. वणीकडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात, तिथे हिरवं डोकं पावसाळा उलटेस्तोवर काळं होऊन जाते, ते सोड्याच्या पाण्याने धुवावं लागे. मग प्रायमर, मग पांढऱ्याचे दोन हात, मधात एक दिवस वाळू द्यायचा. सुतळीला नीळ लावून रेघा मारायच्या आणि मगच अक्षराला हात घालायचा. राज्यमार्गाच्या दगडांवर मी मराठी आकडे काढत असे, त्यात १ आणि ९ ची फार काळजी घ्यावी लागते. धावत्या गाडीतून १ चा ९ वाचला गेला तर माणूस आठ किलोमीटरने चुकला. म्हणून मी १ ची दांडी सरळ खाली आणत होतो आणि ९ चं पोट मोठं करत होतो. आमचे मुकादम पायी येऊन एकेक दगड बघत. एक अंतर चुकलेलं दिसलं तर पूर्ण दगड पुसायला लावत, आणि मजुरीचं बोलायची सोय नसे. त्यांच्या हाताखालचे मैलकुली दगडाभोवतीचं गवत दर महिन्याला काढत. मैलकुलीला आपल्या हद्दीतला दगड न दगड माहीत राहत होता. आता ती माणसं निवृत्त झाली, त्या जागी नवीन कोणी आलेलं मला तरी दिसत नाही, आणि दगड तरोट्यात बुडाले आहेत.

३६१ चं गणित वरोऱ्याचे ओव्हरसिअर साहेब सांगतील, ते इथे असतात.

वरोऱ्याचा ओव्हरसिअर (निवृत्त)

पेंटर, तुम्ही लिहिलंत ते सगळं बरोबर आहे. नंबरांचं मी सांगतो.

उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य राष्ट्रीय महामार्गांना सम आकडे. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. २ ईशान्य भारतात आहे, ४४ आपल्या मधोमध, ६८ राजस्थान-गुजरातेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. १ काश्मीर-लडाखात, ५३ आपल्याकडे, ८७ तामिळनाडूत रामेश्वरमच्या बाजूला. म्हणून अनोळखी मुलखात मुख्य महामार्गाची पाटी पाहिली तरी आकडा सम की विषम यावरून रस्त्याची साधारण दिशा कळते. नागपुरात ४४ आणि ५३ एकमेकांना छेदतात. सावनेर-बैतूलकडून येणारा जुना ६९, आता ४७, गुजरातेतून निघून नागपुरात संपतो.

तीन आकडी नंबर हा शाखेचा. शेवटचे दोन आकडे मुळ रस्त्याचे, पहिला आकडा शाखेचा. ३६१ मधला बाप ६१. तो कल्याणकडून माळशेज घाट चढून, नगर, परभणी करत नांदेडला येतो आणि तेलंगणात जातो. तुमचा ३६१ तुळजापूरहून निघतो, लातूर, नांदेड, उमरखेड, आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा असा बुटीबोरीला ४४ ला मिळतो. नांदेडला त्याची आणि ६१ ची भेट होते. म्हणजे तुमचे वडील म्हणतात तो बोरी-तुळजापूर रोड तोच हा, टोकाची दोन्ही गावंही तीच. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा १६१, तोही ६१ चाच. ३६० कुठे आहे असं शोधत बसू नका. हे आकडे एकापाठोपाठ एक मोजायचे नाहीत, पुढचा आकडा झाकून मागचे दोन वाचायचे.

शाखांनाही फाटे फुटले की मागे अक्षर येते. ३५३डी म्हणजे नागपूर-उमरेड-नागभीड-आरमोरी. ३५३ई म्हणजे उमरेड-चिमूर-वरोरा, हा माझ्या दाराशी येतो. दोघांच्या शेपटीला ५३ आहे, म्हणजे घराणं ५३ चं. मात्र शाखा मुळ रस्त्यापासून फार लांबही जाते. खामगाव, शेगाव, अकोट, परतवाडा या भागातल्या ५४८सी ची सुरुवात साताऱ्याला होते, कारण त्याचा मूळ ४८ साताऱ्यावरून जातो. अकोटच्या माणसाला तो आकडा पाहून काही उलगडा होत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

एएच ४३ हा आशियाई महामार्गाचा नंबर, देशादेशांच्या करारातला. आग्रा, ग्वाल्हेर, नागपूर, हैदराबादकडून बंगळुरू, पुढे समुद्रापलीकडे श्रीलंकेपर्यंत तो धरला आहे. ५३ वर तसाच एएच ४६ दिसेल. रस्ता एकच, नंबर दोन. मदतीला बोलावताना आपला, म्हणजे राष्ट्रीय महामार्गाचाच नंबर सांगायचा.

पेंटर रस्त्याच्या धन्याबद्दल बोलले, त्यात एक भर. पिवळ्या डोक्यावरून रस्ता केंद्राचा आहे एवढं कळते, पण काही तुकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतात आणि काही राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. ही पाच पायऱ्यांची वाटणी कुठे ठरली ठाऊक आहे? आपल्या नागपुरात. १९४३ च्या डिसेंबरात देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा आराखडा केला. तो 'नागपूर आराखडा' म्हणून अभियांत्रिकीच्या प्रत्येक पुस्तकात आहे. राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्ह्याचे मोठे, जिल्ह्याचे लहान आणि खेड्याचे, अशी रस्त्यांची वर्गवारी तिथली. पदविकेला असताना मी ते शिकलो तेव्हा ऊर भरून आला होता आणि आजही येतो. आपल्या पोरांना झिरो माईलचा खांब आणि घोडे माहीत असतात, हे माहीत नसते.

आलापल्लीची सिस्टर

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे. आमचा रस्ता ३५३सी. गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, तिथून जिमलगट्टा करत सिरोंचा. आलापल्लीच्या पुढे जंगलच जंगल, आणि फोनला रेंज काही ठिकाणीच येते. रेंज आली की एका दमात सगळं सांगून टाकावं लागते, दुसऱ्यांदा फोन लागेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे दगडाचं महत्त्व मला कोणी शिकवायला लागलं नाही.

बाळंतीण घेऊन गाडी निघाली आणि मधात बंद पडली, तर ड्रायव्हर आधी मागे चालत जाऊन दगड बघून येतो, मग रेंज शोधतो. आमच्या आशाताईंना मी हेच सांगते की गावाचं नाव दुसऱ्यांदा, आधी रस्त्याचा नंबर आणि किलोमीटर. कारण नावांनी घोळ होते. आष्टी आमच्याकडे चामोर्शी तालुक्यात आहे, दुसरी आष्टी वर्धा जिल्ह्यात, तिसरी बीडला. वर्ध्याची आष्टी मुलताई-वरूड-आर्वीच्या रस्त्यावर, आणि त्याचा नंबर ३४७ए. नागपूरहून येणारे नातेवाईक "आष्टी" ऐकून भलत्याच गाडीत बसलेले मी पाहिले आहेत, आणि इकडे पेशंट वाट बघत. देसाईगंज आणि वडसा हे तर एकच गाव. रेल्वे स्टेशनवर वडसा, कागदोपत्री देसाईगंज, रस्त्याच्या पाट्यांवर कधी हे कधी ते. बाहेरून आलेला ड्रायव्हर दोन गावं समजून पुढे निघून जातो.

पेंटरकाका, तुमचं १ आणि ९ चं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पावसाळ्यात दगडाला शेवाळ धरते तेव्हा हाच घोळ होते. मी गाडीत नारळाची काथी ठेवायला सांगितली आहे, दगड घासायला.

कारंजा लाडचा

सिस्टर म्हणतात तसंच आमचं. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यातलं, आणि कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यातलं. घाडग्यांचं कारंजा अमरावती-नागपूर ५३ वर आहे. कळंबवाल्या भाऊंनाही सांगतो, तुमच्या नावाचं दुसरं कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे आणि ते ५४८सी वर येते. म्हणजे "कळंब, ३६१" असं म्हटलं की विषय संपला.

समृद्धी महामार्गाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, नागपूर-शिर्डीचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. तो राष्ट्रीय महामार्ग नाही, राज्याचा द्रुतगती मार्ग आहे, त्यामुळे ४४-५३ चं गणित त्याला लावू नका. तिथे आकडा नागपूरकडून मुंबईकडे वाढतो. पेपरात "चॅनल नंबर" म्हणून बातमीत येते ना, ते हेच किलोमीटर. त्यावर गाव लागत नाही, झाड लागत नाही, माणूस दिसत नाही. गाडी बंद पडली तर कडेच्या पाटीवरचा चॅनल नंबर आणि आपण मुंबईकडे तोंड करून आहोत की नागपूरकडे, हे दोन्ही सांगावं लागते. बाजू चुकली तर मदतीची गाडी समोर दिसत असूनही पुढच्या इंटरचेंजवरून वळून यायला तिला किती वेळ लागते ते मी उभं राहून पाहिलं आहे.

कळंबचा पिकअपवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पेंटरकाका, काल रात्री मुद्दाम बघत गेलो. पुलांच्या कठड्यावर खरंच नंबर आहेत, इतकी वर्षं त्याच्या बाजूने जातो आहे. पोरांच्या ग्रुपवर टाकलं.

आता एक अडचण. महामार्गावर दगड आहेत, पण फाट्यापासून आमच्या गावापर्यंतच्या रस्त्यावर काहीच उरलं नाही. रुंदीकरणाच्या वेळी जेसीबीने दगड उपटले, ठेकेदाराची माणसं म्हणाली काम झालं की लावू, आणि काम होऊन दोन पावसाळे गेले. त्यातला एक दगड एका घरासमोर कपडे धुवायला आहे. गावाच्या रस्त्याला नंबर असतो का, आणि दगड परत लावून घ्यायचे तर कोणाला भेटायचं?

पांढरकवड्याचा पेंटर

भाऊ, असतो. पांदण सोडली तर बहुतेक रस्त्यांना नंबर आहे, पाटी नसली तरी कागदावर आहे. राज्यमार्ग म्हणजे रा.मा., प्रमुख जिल्हा मार्ग प्र.जि.मा., इतर जिल्हा मार्ग इ.जि.मा., ग्रामीण मार्ग ग्रा.मा., आणि पुढे क्रमांक. तुमचा रस्ता इ.जि.मा. किंवा ग्रा.मा. असेल तर पंचायत समितीत जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात जा, तिथे तालुक्याची रस्त्यांची यादी आणि नकाशा राहतो. तिथे नाही सापडला तर सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात. ग्रामसडक योजनेतला असेल तर गावाच्या सुरुवातीला त्याचा मोठा फलक असतो, त्यावर रस्त्याचं नाव, लांबी आणि देखभालीचा कालावधी लिहिलेला असतो. त्या योजनेच्या रस्त्याची तक्रार 'मेरी सडक' ॲपवरही फोटोसकट टाकता येते.

कपडे धुवायचा दगड आणायला भांडू नका. त्या घरच्यांनी तो उकिरड्यातून उचलून वापरला, त्यांचं काही चुकलं नाही. नवीन दगड सिमेंटचे ओतून मिळतात, महागडं काम नाही. जागा मात्र बरोबर मोजून घ्यायला लावा. मी असे रस्ते पाहिले आहेत जिथे दगड परत लावताना खड्डा खणायला जमीन नरम लागली तिथे गाडून टाकले, आणि मग ३ चा दगड खऱ्या ३ किलोमीटरपासून दीड-दोनशे मीटर सरकलेला. तुमच्या पिकअपच्या मीटरने एकदा फाट्यापासून गावापर्यंत मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा, साहेब मोजायला येतील तेव्हा तुमच्या हातात काहीतरी असावं.

अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत द्या. "आमच्या गावाचा रस्ता" असं मोघम लिहिलं तर तो अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. असं लिहा:

"विषय: ग्रा.मा. क्र. (इथे क्रमांक), महामार्ग ३६१ वरील फाटा ते गाव, या रस्त्यावर कि.मी. ०/००० पासून शेवटपर्यंत किलोमीटर दगड व २०० मीटर दगड पुन्हा बसवणे, मोऱ्यांवर क्रमांक टाकणे आणि फाट्यावर गावाच्या नावाचा फलक लावणे बाबत. रुंदीकरणाच्या कामात पूर्वीचे दगड काढण्यात आले असून ते पुन्हा बसवलेले नाहीत. रात्रीच्या वेळी रुग्णवाहिकेस ठिकाण सांगता येत नाही. तरी मोजणी करून दगड बसवावेत व मोजणीच्या वेळी ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीस हजर राहू द्यावे."

दोन प्रती घेऊन जा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. रंगवायची वेळ आली की इथेच निरोप टाका. अक्षर काढायला आता माझा हात स्थिर नाही, पण कळंबला येऊन तुमच्या गावच्या पोरांना सुतळीने रेघ कशी मारायची आणि १ कसा काढायचा ते दाखवीन. ब्रश माझे आणीन, रंग तेवढा एनॅमलचाच घेऊन ठेवा, पाण्यात कालवायचा चालणार नाही.